उजवीकडचा खिसा

सिडनीतल्या पेंडल हिल स्टेशनजवळच्या एका लहान दुकानात मी सोळा वर्षं लोकांचे कपडे आखूड केले. लांब फार क्वचित केले. इथे तयार कपडे उंच माणसांच्या मापाने येतात आणि ते घालणारे आमच्या भागात तरी जगभरातून आलेले, बेताच्या उंचीचे. पँटच्या पायांतून कापलेल्या पट्ट्यांनीच आमची कचऱ्याची बादली भरायची.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘आपल्या कामाबद्दल लिहा’ असा मेसेज आला, तेव्हा माझी मुलगी ग्रेसी म्हणाली, “आई, यू शुड राइट.”

मी म्हटलं, “माझी शाळा चौथीपर्यंतची. त्या अंकात डॉक्टर, इंजिनियर लिहितात.”

“सो? त्यांना पँट अल्टर करता येते का?”

अंकाला मी हे देणार नाही. पण तिने वही आणून ठेवली आहे आणि कोरी वही मला बघवत नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, आमचं काम शिवण्याचं. खरं काम उसवण्याचं. दुसऱ्याने घातलेली टीप कापडाला न दुखवता काढता आली, की पुढचं सोपं असतं. उसवताना आधीच्या कारागिराचं मन कळतं. इथे त्याने घाई केली, इथे कापड वाचवलं, इथे बहुधा कोणीतरी हाक मारली आणि टीप वाकडी गेली. मी त्या माणसांचा विचार करत बसायची. त्यांचे चेहरे दिसायचे नाहीत हे मला सोयीचंच होतं. चेहऱ्यांशी बोलावं लागतं.

हे काम मी वसईजवळच्या आमच्या गावात शिकले. शाळा सुटल्यावर, म्हणजे कायमची सुटल्यावर, सायमन मास्तरांच्या दुकानात काज-बटणं करायला बसले. मास्तर दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर खूप. त्यांच्या हातात मापाचा लाकडी गज असायचा. चुकलं की तो टेबलावर आपटायचे. एकदा ‘टक’ म्हणजे थांब. दोनदा ‘टकटक’ म्हणजे उसव. काम बरोबर असेल तर गज खाली ठेवायचे. एवढ्या भाषेत मी शर्ट, झगे आणि लग्नाचे कोटसुद्धा शिकले. त्यामुळे न बोलता शिकवता येतं, अशी माझी पक्की समजूत झाली.

दुकानाच्या मालकीण हंसाबेन. त्यांना माझ्या गप्प बसण्याचा फार राग. “फिलूबेन, कस्टमर से थोड़ी बात किया करो! मुँह में धागा है क्या?”

बहुतेक वेळा खरंच असायचा.

पण न विचारण्यालाही या धंद्यात किंमत आहे, असं मला वाटायचं. एकदा एक म्हातारी ग्रीक बाई नवऱ्याचा काळा सूट घेऊन आली आणि म्हणाली, सगळे खिसे शिवून बंद करा. मी मान हलवली आणि कामाला लागले. सूट न्यायला आली तेव्हा तिने स्वतःहून सांगितलं, उद्या त्याला पुरायचं आहे, आणि आयुष्यभर तो खिशात हात घालून फिरला. “आता तरी हात बाहेर ठेवू दे,” म्हणाली आणि हसली. मी काहीच विचारलं नव्हतं, म्हणूनच तिने सांगितलं असावं. तेव्हापासून माझा नियम झाला. लोकांच्या रीती वेगवेगळ्या असतात. आपण सांगितलेलं करावं, का म्हणून विचारू नये.

या नियमाने एकदा माझा घात केला. तेच लिहायचं आहे.

आमच्याकडे इस्त्रीला मरियम होती. उत्तर इराकमधल्या एका लहान गावाची. लढाई आली तेव्हा एका दिवसात सगळं गाव रिकामं झालं. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले, तंबूंत राहिले, मग जिथे जागा मिळाली तिथे गेले. मरियम सिडनीला आली. तिची धाकटी बहीण सुहा मात्र लढाई संपल्यावर परत गावात गेली. मरियम तिला इथे आणायच्या खटपटीत होती. कागद भरून ठेवले होते, घरात तिच्यासाठी पलंगही घेतला होता. सुहा दर वेळी म्हणायची, अजून थोडं बघते.

मरियमचं आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून आमचं चांगलं जमायचं. एक दिवस ती इस्त्री बाजूला ठेवून माझ्या मशीनपाशी आली.

“फिलो, माय व्हिलेज, बेकर कम बॅक. बार्बर कम बॅक. टेलर नो कम बॅक.”

गावातला शिंपी जर्मनीला गेला होता. तो काही परतणार नव्हता. गावातली मुलांची शाळा पुन्हा सुरू व्हायची होती, आणि हेडमास्तरांनी सुहाला चाळीस शर्ट शिवायला सांगितलं होतं. कापड शाळेनेच आणून दिलं, पांढऱ्या पॉपलिनचा तागा. सुहा आणि आणखी तीन बायका तिच्या वडिलांच्या घरातल्या पुढच्या खोलीत पायमशीन घेऊन बसल्या होत्या. पण त्यांना येत होतं ते घरगुती ठिगळकाम. शर्ट बेतायचा कसा, कॉलर कशी बसवायची, हे कोणालाच माहीत नव्हतं.

“दिस वर्क गुड, सुहा स्टे,” मरियम म्हणाली. “नो गुड, सुहा कम हिअर.”

मला नवल वाटलं. “यू वाँट शी कम हिअर, नो?”

“येस,” ती म्हणाली. मग इस्त्रीकडे वळता वळता, “बट नॉट लाइक दॅट. नॉट बिकॉज शर्ट बॅड.”

व्हिडिओवरून शिकवायला मी हो म्हटलं. माझी अट एकच, तोंड दाखवणार नाही आणि बोलणार नाही. फक्त हात.

ग्रेसीचा जुना फोन मी दोऱ्याच्या रिळांना टेकवून उभा करायची. आपले हातच दिसताहेत ना, चेहरा येत नाही ना, हे बघता यावं म्हणून स्क्रीनच्याच बाजूचा कॅमेरा लावायची, मुली स्वतःचे फोटो काढतात तो. दुपारच्या सुट्टीत दोन-दोन मिनिटांचे तुकडे करायची, कारण त्यांच्याकडचं नेट त्याहून मोठं काही ओढत नसे. एका तुकड्यात खांद्याची मार्किंग, एकात बटणपट्टी, एकात खिसा. चुकायची जागा आली की कात्रीने टेबलावर ‘टक’. मरियम ते लगेच पुढे पाठवायची. आमची दुपार तेव्हा त्यांची सकाळ असायची.

मग तिकडून सुहाच्या हातांचा व्हिडिओ यायचा, तिच्याबरोबरची एखादी बाई फोन धरून काढायची तो. बोटं लांब, एका नखावर काळा डाग, खडू जरा घट्ट धरायची सवय. दोनच आठवड्यांत तिची बोटं सैल पडली. मला फार आनंद व्हायचा. पण खरं सांगायचं तर मी हातांइतकीच मागची खिडकी बघायची.

त्या खोलीला दोन तावदानांची खिडकी होती. सुरुवातीला दोन्ही तावदानांवर निळं प्लॅस्टिक ठोकलेलं असायचं. वारा आला की ते फुगायचं आणि टेबलावरचं कापड निळसर दिसायचं. एका व्हिडिओत प्लॅस्टिकवर मांजराची सावली चालत गेली. एकात बाहेरून कोणीतरी भाजीसारखं काहीतरी ओरडत विकत होतं, ते ऐकून मला आमच्या गावचा भाजीवाला आठवला. मग एके दिवशी उजव्या तावदानाला काच बसली, खरी काच, कोपऱ्यात कंपनीचं लेबल तसंच. काचेतून समोरची भिंत दिसली, तिच्यावर चढवलेली तार, आणि पुढच्या आठवड्यात त्या तारेवर वाळत घातलेले कपडे. समोरच्या घरात माणसं आली होती. डाव्या तावदानावर प्लॅस्टिक राहिलं.

लढाईबद्दल मी मरियमला कधी विचारलं नाही. खिडकीबद्दल मात्र विचारायची. “ग्लास व्हेअर फ्रॉम? हू फिक्स?” ती सुहाला विचारून सांगायची. काच शहरातून यायची, ट्रकमध्ये अर्ध्या फुटायच्या, म्हणून ज्याच्या त्याच्या वाट्याला एकेक. मला वाटायचं, एवढ्या लांबून मी एका गावाला पुन्हा उभं राहताना बघते आहे, आणि तेही कोपऱ्यातून, कोणाच्या लक्षात न येता. माझ्यासारख्या बाईला याहून चांगली जागा कुठली?

पहिला शर्ट तयार झाला. फोटो आला. टेबलावर पसरलेला, इस्त्री केलेला पांढरा शर्ट. शिवण सरळ, कॉलरची टोकं अगदी नेमकी.

खिसा उजवीकडे होता.

बटणपट्टीही उलटी, बायकांच्या ब्लाउजला असते तशी. मुलग्यांच्या शर्टाचा खिसा डावीकडे, छातीवर, हे जगात सगळीकडे असतं असं मी समजत होते. फोटो मी पुन्हा पुन्हा बघितला. मग स्वतःला म्हटलं, त्यांच्याकडे लिहितात उजवीकडून डावीकडे. शर्टही तसेच असतील. कुणाच्या रीतीत आपण का बोलायचं? मरियम तिथे शेजारीच उभी होती. एक वाक्य विचारायचं होतं. मी अंगठा उंचावून दाखवला आणि झिपरचं काम पुढे ओढलं.

तीन आठवड्यांनी चाळीसच्या चाळीस शर्ट झाले. त्याच आठवड्यात मरियम एका सकाळी आली ती डोळे सुजलेली. हेडमास्तरांनी मोठ्या मुलांना शर्ट घालून बघायला बोलावलं होतं. मुलं एकमेकांकडे बघून हसायला लागली, म्हणाली हे आमच्या आयांचे शर्ट आहेत, आम्ही घालणार नाही. शाळा उघडायला दहा दिवस होते. हेडमास्तर म्हणाले, मी शहरातून तयार शर्ट आणतो, आणि यापुढे दर वर्षी तिथूनच आणेन.

“बट फिलो,” मरियम म्हणाली, “सुहा डू सेम लाइक यू. एक्झॅक्ट सेम.”

मी माझा खिशाचा व्हिडिओ लावला. पहिल्यांदाच तो लावून नीट बघितला. तोपर्यंत मी फक्त पाठवत होते. त्यात माझ्या डाव्या हातात कात्री होती. माझ्या डाव्या हातातली अंगठी उजव्या हातात. मी उभ्या आयुष्यात डाव्या हाताने काही कापलेलं नाही.

संध्याकाळी ग्रेसीला दाखवलं. ती बघताच म्हणाली, “ओ आई, इट्स द सेल्फी कॅमेरा. आरशासारखं उलटं सेव्ह होतं. सेटिंग असतं त्याचं.”

“मग मला बघताना का नाही कळलं?”

“कारण तू आरशात रोज तशीच दिसतेस ना.”

मरियमने सुहाला विचारलं, तुला खिसा उलटा वाटला नाही का? सुहाचं उत्तर ऐकून मरियम रडता रडता हसली. सुहाला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. पण ती म्हणाली, शिकवणारी बाई डावखुरी आहे आणि ऑस्ट्रेलियात शर्ट असेच असतील, आपण एवढ्या मोठ्या देशाला काय सांगणार?

दोघींनी एकमेकींचा मान राखला आणि चाळीस शर्ट उलटे झाले.

दुसऱ्या दिवशी मी तीन पँटी चुकीच्या मापाने कापल्या. हंसाबेनना सगळं कळलं होतंच. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. खिसा उसवून डावीकडे लावता येईल, पण सुईच्या भोकांची रांग उजवीकडे दिसत राहील. आणि काज? काज म्हणजे कापलेलं कापड. कापलेलं परत जुळत नाही. शाळेकडे दुसरा तागा नव्हता.

दुपारी एक नेहमीचे गिऱ्हाईक आले, निवृत्त बसड्रायव्हर. त्यांचा शर्ट कॉलरवर विरला होता. मला म्हणाले, “न्यू कॉलर, लव्ह?” मी मान हलवून नाही म्हटलं आणि कॉलर उसवायला घेतली. नवी कॉलर कशाला? सायमन मास्तरांकडे आम्ही आठवड्याला दहा कॉलरी उलटवायचो. विरलेली बाजू आत, आतली कोरी बाजू बाहेर, आणि शर्ट पुढे तीन वर्षं चालायचा. कॉलर उसवून हातात उलटी केली आणि माझे हात थांबले.

कॉलरच का? सगळा शर्ट उलटवला तर?

उजव्या हाताचा रबरी हातमोजा आतून बाहेर काढला की तो डाव्या हाताचा होतो. शर्टाचंही तसंच. आतली बाजू बाहेर केली की उजवीकडचा खिसा डावीकडे येतो, काजाची बाजू बदलते. पॉपलिन दोन्ही अंगांनी सारखं असतं. खिसा उसवायचा आणि त्याच जागी, पण दुसऱ्या अंगाला लावायचा, म्हणजे जुनी भोकं खिशाखालीच झाकली जातात. बटणं त्याच जागी उलट्या अंगाला. काज तर दोन्हीकडून काजच. मग बाजूच्या आणि बाह्यांच्या शिवणी उसवून पुन्हा आतून घालायच्या, दुमडी दुसऱ्या अंगाला दुमडायच्या. एक इंच कापड वाया जाणार नव्हतं.

मी उठून मरियमकडे गेले आणि बोलायला लागले. कुठल्या भाषेत बोलले ते आठवत नाही. तिला काहीच कळलं नाही. शेवटी मी अंगातला एप्रन काढून उलटा घातला आणि खिशावर थाप मारली. ती बघत राहिली, मग तिने इस्त्री बंद केली.

हे दोन-दोन मिनिटांच्या मुक्या तुकड्यांत दाखवता येण्यासारखं नव्हतं. चाळीस शर्ट उसवायला सांगायचं म्हणजे समोर बसावं लागतं, कुठे अडलं ते त्याच क्षणी कळावं लागतं. शनिवारी दुपारी दुकान बंद केल्यावर मरियमने सुहाला थेट कॉल लावला. हंसाबेन मुद्दाम थांबल्या. फोन त्यांनी हातात धरला, आणि माझ्या हातांवर नाही, सरळ तोंडावर.

“हंसाबेन, हाथ पे रखो ना.”

“नहीं. उसको देखने दो कौन सिखा रहा है.”

स्क्रीनवर चार बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मधली सुहा. मरियमपेक्षा बारीक, भुवया जाड, आणि ती माझ्याइतकीच लाजत होती. ओढणीचं टोक तोंडाशी. तिला बघून मला जरा धीर आला.

सुरुवात मी कात्रीने टकटक करून केली. मग अडलं, बाहीच्या तोंडाशी. तिथे आधी काय उसवायचं त्यावर सगळं अवलंबून असतं आणि ते टकटकीत बसत नाही. माझ्याकडे तेवढं इंग्रजी नव्हतं. मी मराठीत बोलायला लागले. “आधी काख उसव, बाळा. खांद्याला हात लावू नकोस, खांदा शेवटी. हां, तशी. ओढू नकोस, दोरा कापून काढ.” मरियम जमेल तेवढं सांगत होती, पण थोड्या वेळाने तिने सांगणं सोडून दिलं. सुहा माझ्या आवाजावरून ओळखायला लागली होती. चुकली की माझा आवाज चढायचा, बरोबर असलं की उतरायचा. मला मात्र हे आयुष्यात पहिल्यांदाच कळलं, की मास्तर बोलत नव्हते म्हणून आम्ही शिकलो असं नाही, न बोलताही शिकलो एवढंच. बोलले असते तर कदाचित मी एक वाक्य विचारायला घाबरले नसते.

दोनदा कॉल तुटला. दोनदा सुहानेच परत लावला. दोन तास टाके कमी-जास्त करत एक शर्ट उलटून उभा राहिला. सुहाने तो उचलून खिसा दाखवला. डावीकडे. मी कात्री खाली ठेवली. तिने लगेच मरियमला काहीतरी विचारलं.

“शी आस्क, वन नॉक ऑर टू नॉक?”

“नो नॉक,” मी म्हटलं.

नंतर आठ दिवस त्या चौघी पहाटेपासून उसवत होत्या, एवढं कळत होतं. नेट जेमतेम चालायचं. मरियम एकदा म्हणाली, “आय प्रे शर्ट गुड. देन आय प्रे सॉरी टू बेड.” सुहासाठी घेतलेला तो पलंग तिने भिंतीला लावून उभा केला होता.

शाळा रविवारी उघडायची होती, तिकडे आठवडा रविवारी सुरू होतो. त्या रविवारी दुपारी ग्रेसी हॉस्पिटलात शिफ्टला गेली होती, मरियमचा फोन लागत नव्हता. मी भाजी निवडत असताना माझ्या फोनवर फोटो आला. सुहाने पहिल्यांदाच थेट मला पाठवलेला. कामाच्या खोलीत, टेबलाच्या पलीकडे, आठ-दहा मुलं दाटीने उभी, पांढरे शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, पुढे सुहाचं अर्धं तोंड.

सगळ्यांचे खिसे उजवीकडे.

मी खुर्चीत बसले. म्हणजे जमलं नाही. तो एकच शर्ट जमला आणि बाकीचे तसेच घातले, माझा मान राखायला. मुलांच्या मागे भिंतीवर काहीतरी लिहिलेलं होतं, पण ती अक्षरं सुलटी असोत की उलटी, मला दोन्ही सारखीच. विचारायला जवळ कोणी नव्हतं. मी फोटो बोटांनी मोठा केला, एकेका मुलाचा खिसा बघितला, एकेकाची पट्टी. मुलं हसत होती, पण मुलं काय, कशालाही हसतात.

मग कोपऱ्यात माझी खिडकी दिसली.

काच डावीकडे होती. निळं प्लॅस्टिक उजवीकडे.

त्या खिडकीला मी महिनोन्महिने बघत आले होते. प्लॅस्टिक डावीकडचं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. फोन सुहाच्याच हातात होता, तिने स्वतःला घेऊन काढलेला फोटो, माझ्यासारखाच चुकीचा कॅमेरा लावून. मी फोन घेऊन आरशापुढे गेले आणि आरशात तो फोटो बघितला. चाळीसांपैकी आठ-दहा शर्ट, सगळे खिसे डाव्या छातीवर, एकाच्या खिशात पेन्सिल.

नेहमीसारखा अंगठा पाठवणार होते. तेवढ्यात थांबले, बोलायचं बटण दाबून धरलं आणि मराठीतच विचारलं, “सुहा, त्या दुसऱ्या काचेचं काय झालं गं?”